पाचवीच्या वर्गातली उत्क्रांती

बालभारतीच्या पाचवीच्या ‘परिसर अभ्यास – भाग 2’ मध्ये ‘उत्क्रांती’ हा स्वतंत्र पाठ आहे; त्याच्या पुढचाच पाठ ‘मानवाची वाटचाल’. म्हणजे आपल्या मुलांची या सिद्धान्ताशी पहिली गाठ प्राथमिक शिक्षक घालून देतात. त्यांतले बरेच जण बारावीनंतर दोन वर्षांचं डी.एल.एड. करून येतात. प्रवेशाला कुठलीही शाखा चालते, त्यामुळे कला-वाणिज्यवाल्यांचा विज्ञानाशी संबंध दहावीलाच सुटलेला असतो.

वसई-विरारमधल्या अशा भावी शिक्षकांशी बोललं, की अडचण उघड होते. त्यांच्या वर्गात वाडवळ, कुपारी, आगरी, कोळी, वारली आणि नालासोपाऱ्याच्या चाळींतली उत्तर भारतीय मुलं एकत्र बसणार. “घरून कुणी विचारायला आलं तर?” ही त्यांची धास्ती खरी आहे. मग कुणी दशावताराचा आधार घेतं, तर कुणी पाठ नुसता वाचून घेऊन प्रश्नोत्तरं लिहून द्यायचं ठरवतं.

ही धास्ती आपणच वाढवली आहे. जानेवारी 2018 मध्ये तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादेत म्हणाले, की डार्विन चूक आहे, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेला नाही. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी त्याचं एकत्रित खंडन केलं. 2023 मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती वगळली गेल्याचं समोर आलं, तेव्हा 1,800 हून अधिक वैज्ञानिक-शिक्षकांनी निषेधाचं पत्र काढलं.

खरं तर श्रद्धेशी भांडायची गरजच नाही. वसईतल्या ख्रिस्ती पालकांना सांगता येईल, की पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1996 मध्येच उत्क्रांती आता नुसतं गृहीतक राहिलेली नाही, असं मान्य केलं. दशावताराचा मान ठेवावा, पण त्याला उत्क्रांती म्हणू नये. अवतार हेतूने होतो. उत्क्रांतीत हेतू नसतो. एकाच जातीच्या जिवांत थोडेथोडे फरक असतात, परिस्थितीत तगणाऱ्यांची पिल्लं जास्त जगतात आणि पिढ्यान् पिढ्या तो फरक साचत जातो.

हे शिकायला वसईची खाडी पुरे आहे. ओहोटीला तिवरांच्या चिखलात निवट्या दिसतात. निवटी मासाच, पण पुढच्या परांवर रेटा देत चिखलावर सरकते. डोळे डोक्यावर, कल्ल्यांच्या पोकळीत पाणी साठवलेलं, ओल्या त्वचेतूनही श्वास. मुलं लगेच म्हणतील, “म्हणजे हिचाच बेडूक झाला!” इथे शिक्षकाची खरी कसोटी. निवटी आजचा मासा आहे, वेगळ्या फांदीवरचा. सुमारे 37 कोटी वर्षांपूर्वी ज्यांना पाय फुटू लागले ते मासे निराळे. हे उमगलं, की “आजची माकडं माणूस का होत नाहीत?” याचंही उत्तर मिळतं. आपण आजच्या माकडांपासून आलो नाही. आपले आणि त्यांचे पूर्वज एक होते.

म्हणून अध्यापक विद्यालयांनी सराव पाठांत या पाठाला हक्काची जागा द्यावी आणि छात्राध्यापकांना पाठाआधी खाडीवर न्यावं. “हे कशावरून कळलं?” हा प्रश्न त्यांनी आधी स्वतःला विचारावा, मग मुलांना विचारू द्यावा.

हा आग्रह केवळ विज्ञानापुरता नाही. तीनेक लाख वर्षांपूर्वी आफ्रिकेत उदयाला आलेल्या एकाच मानवजातीची आपण सारी लेकरं, हे ‘मानवाची वाटचाल’ शिकताना वाडवळाच्या आणि वारल्याच्या मुलाला एकाच बाकावर बसून कळतं. जन्मावरून माणसाची पायरी ठरवणाऱ्या समाजात हा पाठ गाळणं आपल्याला परवडणारं नाही.