चौतीस धावांत तेरा

४ मार्च २०२५ रोजी दुबईत भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात चॅम्पियन्स करंडकाचा उपांत्य सामना होता. भारतीय खेळाडू मैदानात उतरले ते दंडाला काळ्या फिती बांधून. आमच्याकडे हिंगोलीत टीव्हीसमोर बसलेल्या पोरांनी विचारलं, "कोण गेलं?" पद्माकर शिवलकर, आदल्या दिवशी, वयाच्या ८४व्या वर्षी. लगेच पुढचा प्रश्न आला, "हे कोण?"

पोरांचा त्यात काही दोष नव्हता. शिवलकर भारताकडून एकही कसोटी खेळले नाहीत. ज्या संघाची टोपी त्यांना कधी मिळाली नाही, तो अख्खा संघ त्या दिवशी त्यांच्यासाठी काळी फीत लावून खेळत होता. मुंबईचा हा डावखुरा फिरकी गोलंदाज १९६१-६२ पासून प्रथम श्रेणीचं क्रिकेट खेळला, १२४ सामन्यांत ५८९ बळी घेतले, तेही सरासरी विसाच्या आत. त्यातले ३६१ बळी रणजी करंडकात मुंबईसाठी. आपण राहतो त्या भागाचा संघ महाराष्ट्राचा, मुंबईचा नव्हे, आणि पश्चिम विभागात हे दोन संघ एकमेकांसमोर उभे राहायचे. तरी मराठवाड्यातल्या जुन्या रसिकांनी शिवलकरांना कधी परकं मानलं नाही. पेपरातला धावफलक बोटानं वाचत जाणारी ती पिढी. त्यांनी शिवलकरांचा एकही चेंडू प्रत्यक्ष पाहिला नव्हता, पण आकडे तोंडपाठ होते.

त्या आठवड्यात त्यांच्याविषयी जे बोललं गेलं, त्यात एकच सूर होता: अन्याय झाला. ते खरंच आहे. बिशनसिंग बेदी नावाचा थोर डावखुरा फिरकीपटू त्याच काळात होता, भारताकडून ६७ कसोट्या खेळला, आणि संघात तशाच दुसऱ्या गोलंदाजाला जागा उरली नाही. हरयाणाचे राजिंदर गोयल, रणजीत ६३७ बळी घेणारे, त्यांचंही हेच झालं. कर्णधार असताना या दोघांसाठी निवड समितीचं मन वळवता आलं नाही, याची खंत सुनील गावसकरांनी बोलून दाखवली आहे. आपल्या 'आयडॉल्स' या पुस्तकात त्यांनी दोघांनाही स्थान दिलं. शिवलकरांनी स्वतः 'हा चेंडू दैवगतीचा' हे गाणं गायलं आणि आत्मचरित्राला तेच नाव दिलं. तेव्हा दैवाची गोष्ट काढली म्हणून कुणाला बोल लावता येणार नाही.

तरीही मला हे स्मरण अपुरं वाटतं. माणूस पंचवीस वर्षं जे करत होता ते बाजूला पडतं आणि त्याला जे मिळालं नाही तेच त्याचं नाव होऊन बसतं. कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांचं असंच झालं. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध महाराष्ट्राकडून त्यांनी नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनच्या ४५२ ला नऊ धावा कमी होत्या, तेवढ्यात काठियावाडनं सामना सोडून दिला. २०१२ च्या डिसेंबरात निंबाळकर गेले तेव्हा बहुतेकांनी त्या नऊ धावा मोजल्या. जमलेल्या चारशे त्रेचाळीस मागे पडल्या.

म्हणून शिवलकरांचं नाव निघालं की मी आधी मद्रासला जातो. १९७२-७३ चा रणजी अंतिम सामना, चेपॉकचं मैदान, समोर तमिळनाडू. त्यांच्याकडे वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार, म्हणजे फिरकीसाठी आखलेल्या खेळपट्टीवर फिरकीचे दोन उस्ताद. मुंबईचा पहिला डाव १५१ वर आटोपला. एवढ्या धावा पुरणार नाहीत असं कुणालाही वाटलं असतं. मग शिवलकरांच्या हातात चेंडू आला. चार-सहा पावलांची सोपी धाव, अंगात कुठं ओढाताण नाही, हात उंच. चेंडू फलंदाजाच्या नजरेच्या वर चढतो. पुढं येऊन खेळावं असं त्याला वाटतं, आणि पाय पडतो तेव्हा चेंडू त्याच्या अंदाजाआधीच टप्पा घेऊन बाहेरच्या बाजूला वळलेला असतो. पुढचा चेंडू त्याच हातातून, तसाच येतो, पण वळत नाही. वळणाऱ्या चेंडूपेक्षा या न वळणाऱ्यानंच माणूस जास्त फसतो. तमिळनाडू ८० धावांत बाद, शिवलकर १६ धावांत ८ बळी. दुसऱ्या डावात मुंबई ११३ वर गडगडली, तर तमिळनाडू ६१ वर आणि शिवलकर १८ धावांत ५. सामना दोन दिवस आणि एक चेंडू एवढाच चालला. मुंबईचं हे सलग पंधरावं रणजी विजेतेपद होतं. तेरा बळी, चौतीस धावांत. फिरकीला साथ देणाऱ्या खेळपट्टीवर टप्पा सोडून वळवण्याचा मोह भल्याभल्यांना होतो. शिवलकरांना तो झाला नाही, आणि या आकड्यांत मला सगळ्यात जास्त दिसतो तो त्यांचा हा संयम.

आमच्या जिल्ह्यातलं नरसी हे संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. नामदेवांची एक कथा वारकरी मंडळी सांगतात. मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर राबताना कूस कोसळलं आणि चोखोबा इतर मजुरांबरोबर ढिगाऱ्याखाली गेले. नामदेव तिथं पोचले तेव्हा हाडांचा नुसता ढीग उरला होता. कुणाची हाडं कुठली, कसं ओळखायचं? ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची, असं ठरलं, आणि ती पंढरपूरला नेऊन महाद्वारासमोर समाधी बांधली. ती समाधी दाराबाहेर आहे. ज्या माणसाला देवळात येऊ दिलं नाही त्याच्यावरचा अन्याय तिथं जाणाऱ्या प्रत्येकाला आजही दिसतो, कुणी झाकलेला नाही. पण ओळख पटली ती आयुष्यभर मुखी असलेल्या नामावरून. कथेतला हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आधी ओळख, मग अन्याय. खेळाडूच्या बाबतीत आपण नेमकं उलटं करतो, आणि पुष्कळदा दुसरी पायरी गाठायच्या आधीच थांबतो.

यात एक गोष्ट मात्र शिवलकरांच्या वाट्याला चांगली आली: धावफलक. प्रत्येक सामना, प्रत्येक डाव, प्रत्येक बळी कुणीतरी लिहून ठेवलेला. त्यामुळे ज्यानं त्यांना पाहिलं नाही तोही सांगू शकतो, चेपॉकला काय झालं होतं. २ मार्च २०२५ ला, म्हणजे त्यांच्या मृत्यूच्या आदल्याच दिवशी, नागपुरात विदर्भानं रणजी करंडक जिंकला. विदर्भाच्या हर्ष दुबे या डावखुऱ्या फिरकीपटूनं त्या हंगामात विक्रमी ६९ बळी घेतले. पन्नास वर्षांनी कुणाला हर्ष दुबेची गोलंदाजी समजून घ्यायची असेल, तर किमान सुरुवात तरी करता येईल.

ज्या दिवशी नागपूरचा तो सामना सुरू झाला त्याच दिवशी, २६ फेब्रुवारीला, महाशिवरात्र होती आणि औंढा नागनाथला गर्दी लोटली होती. आपल्याकडे यात्रा म्हटली की कुस्त्यांची दंगल आली. हिंगोलीच्या दसऱ्याच्या दिवसांतही मल्ल येतात. हलगी कडाडते, पंच जोड लावतात, लहान पोरांची कुस्ती नारळावर सुटते, शेवटच्या कुस्तीचं इनाम पुकारलं जातं. कुणी एकेरी पट काढून समोरच्याला चितपट करतो, फेटा बांधून घेतो, खांद्यावर बसून आखाड्याला फेरी मारतो. वर्षभर गावोगाव त्याचं नाव निघतं. पुढं तो सालगडी होतो, हमाली करतो, नाहीतर हळदीच्या शेतात राबतो, आणि गेला की दहाव्याला जमलेली चार म्हातारी माणसं सांगतात, "काय ढाक लावायचा!" ती चार गेली की सगळं संपलं. त्याच्यावर अन्याय झाला असंही कुणी म्हणत नाही, कारण तो होता हेच कुठं लिहिलेलं नाही.

दंगलीची छापील पत्रकं निघतात, त्यांत देणगीदारांची नावं असतात, इनामाच्या रकमा असतात. पैलवानांची नावं क्वचित, निकाल तर कधीच नाही. यात्रा समितीला एक वही घालायला असा काय खर्च येतो? पैलवानाचं नाव, गाव, वस्ताद कोण, जोड कुणाशी लागली, कुस्ती किती वेळ चालली, कोणत्या डावावर सुटली की बरोबरीत सोडवली. तालुक्यातल्या एखाद्या शिक्षकानं किंवा वाचनालयानं मनावर घेतलं तर जुन्या वस्तादांकडून मागच्या तीस-चाळीस वर्षांचंही पुष्कळ काढून घेता येईल. त्यांच्यातले अनेक जण आज सत्तरीपार आहेत, तेव्हा ते काम येत्या दसऱ्याच्या आतच सुरू व्हायला हवं.