पाहुणा आणि प्रेक्षक

परक्या शहरीं कांहीं तास जावें, तेथील सृष्टिसौंदर्य डोळे भरून पाहावें आणि संध्याकाळच्या आंत परत फिरावें, यांत नैतिक प्रश्न तो कोणता, असें कित्येक वाचकांस वाटेल. परंतु अमेरिकेच्या अलास्का राज्याची राजधानी जुनो हिचें उदाहरण घेतलें म्हणजे हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाहीं, असें दिसून येईल.

समोर चिंचोळी सामुद्रधुनी, पाठीशीं उभे डोंगर आणि त्यांपलीकडे विस्तीर्ण हिमक्षेत्र, अशा जागीं हें शहर वसलें असल्यामुळें बाहेरून तेथें येणारा एकहि रस्ता नाहीं. जावयाचें तें जलमार्गानें किंवा विमानानें. वस्ती सुमारें ३२ हजार. पण २०२३ च्या एका हंगामांत मोठ्या जहाजांतून १६ लाखांवर प्रवासी तेथें उतरले. बहुतेकांचा मुक्काम एका दिवसाहूनहि कमी, आणि पुष्कळांचा ओढा शहराजवळच्या मेंडेनहॉल हिमनदीकडे.

इतक्या थोड्या वेळांत खरें काय कळणार, हा आक्षेप नेहमींचा आहे. पण तो आम्हांस सयुक्तिक वाटत नाहीं. मनुस्मृतींत एक रात्र राहणाऱ्यासच अतिथि म्हटलें आहे. अल्पवास हें तेथें अतिथीचें लक्षण आहे, दोष नव्हे. पंढरीच्या वारकऱ्यास विठ्ठलाच्या पायांवर डोकें ठेवावयास क्षणभरच मिळतें, म्हणून त्याची वारी उथळ ठरत नाहीं. खरा दोष घडतो तो, आपण दुसऱ्याच्या घरीं आलों आहों याचा विसर पडला म्हणजे. हा विसर पडला कीं पाहुण्याचा प्रेक्षक होतो.

त्या हिमनदीचेंच पाहा. प्रेक्षकास ती निळसर बर्फाचा रम्य देखावा. पण तिच्या खालच्या खोऱ्यांत राहणाऱ्यांस तिची धास्ती आहे. तिला मिळणारी एक लहान हिमनदी वितळून मागें हटली आणि तेथें मोठा खळगा राहिला. त्यांत सांठलेलें पाणी मुख्य हिमनदीच्या बर्फानें अडतें, आणि एके दिवशीं त्या बर्फाखालून वाट काढून नदींत लोटतें. २०११ पासून हे लोंढे येत आहेत. २०२३ च्या ऑगस्टांत नदीचा कांठ ढासळून घरें पाण्यांत पडलीं. पुढच्याच वर्षीं शेंकडों घरांत पाणी शिरलें. बर्फ वितळविणाऱ्या उष्णतेस माणसानें जाळलेलें इंधन कारण आहे, आणि प्रवाशांस तेथवर नेणारीं जहाजें व विमानें इंधनच जाळतात. एकाचा आनंद आणि दुसऱ्याची चिंता यांचा संबंध इतका निकट आहे.

आल्यागेल्यानें यजमानास विसरावें, हें त्या शहराच्या जन्मापासूनच चालत आलें आहे. तेथील मूळचे त्लिंगिट लोक; त्यांना समुद्र हाच रस्ता होता, आणि त्यांच्या दृष्टीनें ती जागा एकाकी नव्हती. १८८० सालीं त्यांच्यांतील कोवी नांवाच्या नायकानें जो जुनो आणि रिचर्ड हॅरिस यांस सोन्याची जागा दाखविली. शहरास नांव मिळालें तें जुनोचें, दाखविणाऱ्याचें नव्हे.

मग जाऊंच नये काय? तसें आम्ही म्हणत नाहीं. त्या शहरांत अनेकांचा चरितार्थ या प्रवाशांवर चालतो. आणि शनिवारीं मोठीं जहाजें येऊं देऊं नयेत, असा प्रस्ताव २०२४ च्या ऑक्टोबरांत मतास टाकला असतां नागरिकांनींच तो फेटाळला. तथापि दिवसाला पांचच मोठीं जहाजें, अशी मर्यादा शहरानें जहाजकंपन्यांशीं करार करून त्याच वर्षापासून घातली. म्हणजे यजमानानें दार लावलें नाहीं; घरांत किती जण मावतील एवढेंच सांगितलें. ही मर्यादा आपल्या हौसेच्या आड आली तरी ती मनापासून मान्य करणें, आणि ज्याच्या दारीं गेलों त्याचें कसें काय चाललें आहे याची विचारपूस करणें, हें पाहुण्याचें किमान कर्तव्य आहे. ज्या घरीं आपण जाऊन आलों तेथें पूर येऊन गेला होता, हें ज्यास विचारावेंसेंहि वाटलें नाहीं, त्यास आपल्याकडे कोणी पाहुणा म्हणत नाहीं.