वरचं कापड

नागपूरच्या मनीषनगरात एका इमारतीच्या तळमजल्यावर एक बाई जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवून देत. लोक आईच्या, सासूच्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साड्या आणून देत. वर साडी, मध्ये जुनी चादर, खाली मांजरपाट. मशीनवर बाई स्वतः बसत. त्यांना सगळे वहिनी म्हणत. थर अंथरणं, सुरकुती काढणं, पिना लावणं आणि कच्चा दोरा घालणं हे काम मावशींचं. मावशी वर्धा रोडच्या बाजूनं यायच्या आणि रेल्वेचं फाटक लागलं की उशीर झाल्याचं बोलणं खायच्या.

२०१८च्या डिसेंबरात नागपूरला भलतीच थंडी पडली. महिनाअखेरीस पारा ३.५ अंशांवर उतरला. गोधड्यांची मागणी वाढली, तसा वहिनींनी भाव वाढवला आणि मशीनचा वेगही.

मग गोधड्या बिघडू लागल्या. टीप सुरू व्हायची तेव्हा सगळं सपाट असायचं. दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत वरची साडी तीन बोटं उरलेली आणि तिची चुणी दुमडून शिवली गेलेली. वहिनींनी आधी साडीला दोष दिला. जुनं कापड, दुसरं काय होणार! नंतर मावशींना दिला. शेवटी मशीनच्या डोक्यावरचा दाबाचा स्क्रू घट्ट आवळला, म्हणजे साडी जागची हलायची नाही. चुण्या आणखी वाढल्या.

दुरुस्तीला आलेल्या मेकॅनिकनं पहिल्यांदा तो स्क्रूच सैल केला. त्याचं म्हणणं असं : मशीनचे दाते खालून आहेत. ते फक्त खालचं कापड पुढं ढकलतात. वरचा फूट कापडाला नुसतं दाबून धरतो, चालवत नाही. एका टाक्याला वरचं कापड केसाएवढं मागं पडलं, तरी तीन मिलिमीटरच्या टाक्यानं दोन मीटरच्या टिपेत साडेसहाशेच्या वर टाके बसतात. जितकं दाबाल तितकं ते जास्त अडकेल. एकेरी कापडाला हे कळत नाही, तीन थरांना कळतं.

आठवड्यानं त्यानं वॉकिंग फूट आणून बसवला. नेहमीच्या फुटापेक्षा चांगलाच दांडगा, बाजूला एक दांडी. दांडीचं फाटा असलेलं टोक सुईच्या स्क्रूवर बसतं. सुई वरखाली होते तशी दांडी फुटातले दाते उचलते, टेकवते. म्हणजे खालून दाते आणि वरूनही दाते. तिन्ही थर एकदमच पुढं जातात. टाका थोडा मोठा ठेवायचा, उलटी टीप मारायची नाही, टिपा मधून सुरू करून कडेकडे जायचं आणि मशीन हळू चालवायची, एवढं सांगून तो गेला.

हळू चालवायची हे वहिनींनी ऐकलंच नाही. नवा भाग आला म्हणजे काम दुप्पट होणार, अशी आपली सगळ्यांचीच समजूत असते. टोकाला साडी उरायची थांबली खरी, पण मधेच, भलत्याच ठिकाणी, खालच्या मांजरपाटाला घडी पडून ती शिवली जाऊ लागली. उलटं करून पाहावं तेव्हा दिसायची.

"आता तर फूटही नवा आहे," वहिनी म्हणाल्या, "मग हे कसं होतं?"

"फूट चालते ना बरोबर," मावशी म्हणाल्या. "पन कापड तं मी अंथरतो. पयले वितीवितीवर पिन लावत होतो. तुमी म्हनलं, लवकर आटप. मंग हातहातभर अंतरानं लावून राहिलो. कच्चा दोरा तं सोडूनच देला."

"मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तं तुमी आनखी घाई केली असती." मावशींनी पिनांचा डबा बंद केला. "गिऱ्हाइकाचा भाव तुमी वाढवला. माहा तं तेवढाच हाय."

वहिनींना राग आला. दोन दिवस त्यांनी स्वतः थर अंथरले. गुडघे धरले, आणि एकच गोधडी कशीबशी उभी राहिली, तीही तिरकी. मावशी कच्चा दोरा मधून चारी कडांकडे का नेत, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. फुटाबरोबर मेकॅनिकनं सांगितलं होतं तेच हे. मावशी ते फूट येण्याच्या आधीपासून हातानं करत होत्या.

तिसऱ्या दिवशी हिशेब नव्यानं मांडला गेला. जोडणीची मजुरी टिपेच्या मजुरीइतकी. मावशींनी मान डोलावली आणि लगेच दुसरी गोष्ट काढली : खोलीत गोधडी पुरती उलगडत नाही, एक कड नेहमी मशीनखाली दुमडलेली राहते, तर मशीन भिंतीकडे सरकवा.

मशीन सरकली. दिवसाला दोन व्हायच्या तिथं एक गोधडी होऊ लागली. थंडी ऐन भरात असताना गिऱ्हाइकं कुरकुरली. एकदोघं ऑर्डर परत घेऊन गेली. बाकीच्यांना वहिनींनी सांगून टाकलं, "संक्रांतीनंतर या."