यादीत नसलेलं नाव

डोंबिवलीतल्या गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत थकबाकीदारांची यादी वाचली जाते. ज्याचं नाव येत नाही त्यानं मेंटेनन्स भरलेला आहे, असं सगळे धरून चालतात. थकबाकीदाराला व्यवस्थापन समितीची निवडणूक लढवता येत नाही, म्हणून या न येण्याला वजन असतं. पण नाव कागदावर नाही एवढ्यावरून थकबाकी नाही, हे खरंच कळतं का?

प्रश्न जुना आहे. सातव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेले मीमांसक कुमारिल भट्ट यांनी अनुपलब्धी, म्हणजे न दिसणं, हे ज्ञानाचं स्वतंत्र प्रमाण मानलं. जमिनीवर घडा नाही हे कसं समजतं? डोळ्यांना जमीन दिसते, अभाव दिसत नाही. घडा असता तर दिसला असता आणि तो दिसत नाही, यावरून तो नाही हे समजतं. दुसरे मीमांसक प्रभाकर यांना हे मान्य नव्हतं, तर न्यायदर्शनाच्या नैयायिकांनी अभावही प्रत्यक्षानंच कळतो असं म्हटलं. या वादात एक अट फार मोलाची आहे, ती योग्यतेची: वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, म्हणून तो तिथे नाही असं ठरत नाही.

आता ती यादी तयार कशी होते ते पाहू. 1993 साली व्हिज्युअल बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेच्या तिसऱ्या आवृत्तीसोबत क्रिस्टल रिपोर्ट्स हे अहवाल तयार करण्याचं साधन मिळू लागलं आणि हिशेबाच्या छोट्या डेस्कटॉप प्रोग्रॅमना छापील अहवाल जोडणं सोपं झालं. रिपोर्टचा आराखडा वेगळ्या फाइलमध्ये असतो. प्रोग्रॅमरचा कोड ती फाइल उघडतो, डेटाबेसमधल्या नोंदी तिला देतो, तारखा आणि निवडीची अट लावतो, मग ती प्रिंटरकडे पाठवतो. थोड्याच ओळींचं काम, पण कुणाचं नाव छापायचं आणि कुणाचं नाही हे तिथेच ठरतं.

सभासदांचा तक्ता पावत्यांच्या तक्त्याशी ‘इनर जॉइन’नं जोडला, तर ज्याची एकही पावती नाही तो सभासद निकालातून गळतो. म्हणजे ज्यानं कधीच पैसे भरले नाहीत, थकबाकीच्या यादीतून नेमका तोच नाहीसा होतो!

सगळे सभासद राखणारा ‘लेफ्ट जॉइन’ लावला तरी धोका टळत नाही. पावती नसलेल्या ठिकाणी शून्य नसतं, ‘नल’ म्हणजे किंमतच नसणं असतं. बिलातून नल वजा केलं की उत्तरही नल येतं आणि ‘थकबाकी शून्याहून जास्त’ ही अट त्या ओळीला पुन्हा बाहेर ठेवते. कोड कुठेही अडत नाही, चूक झाल्याचा इशाराही येत नाही.

अंधाऱ्या खोलीत उभ्या असलेल्या माणसाला निदान अंधार तरी कळतो. हातात नीटनेटका छापलेला कागद असलेल्या सभासदाला मात्र तो कागद काय दाखवू शकत नव्हता हे कळण्याची सोय नसते. म्हणून योग्यता तपासण्याचं साधन कागदावरच छापलं पाहिजे: कोणत्या तारखेपर्यंतच्या नोंदी घेतल्या, कोणती अट लावली, एकूण सभासद किती, थकबाकीदार किती, पैसे चुकते केलेले किती. शेवटच्या दोन आकड्यांची बेरीज एकूण संख्येशी जुळली नाही, तर कोड न वाचणाऱ्या खजिनदारालाही शंका घेता येते. ही मांडणीतली हौस नाही. ज्ञान देण्याचा दावा करणाऱ्या कागदाचं ते कर्तव्य आहे.

ब्रिटिश पोस्ट खात्यात हे कर्तव्य पाळलं गेलं नाही तेव्हा काय झालं, ते जगानं पाहिलं. होरायझन या तिथल्या संगणकीय हिशेब प्रणालीनं हिशेबात चुकीनं पैसे कमी दाखवले आणि शाखा चालवणारे 900 हून अधिक जण दोषी ठरले. तिथेही प्रश्न अभावाचाच होता. पडद्यावर पैसे कमी दिसत होते, म्हणून ते खरोखरच नाहीत असं मानलं गेलं.

भारतात संगणकीय नोंद न्यायालयात पुरावा म्हणून मांडताना प्रमाणपत्र जोडावं लागतं. जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर खटल्यात, 2020 साली, सर्वोच्च न्यायालयानं मूळ उपकरणच हजर केलं नसेल तर हे प्रमाणपत्र अनिवार्य ठरवलं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात या प्रमाणपत्रावर तज्ज्ञाची सहीही मागितली आहे. यंत्र आणि नोंद यांबद्दल कुणीतरी नावानिशी जबाबदारी घ्यावी, हे योग्यच झालं. पण कोणत्या अटीमुळे कोणत्या ओळी छापल्याच गेल्या नाहीत, हे प्रमाणपत्राच्या नमुन्यात विचारलेलं नाही. डोंबिवलीच्या सभेत ते सभासदानंच विचारायचं आहे.