वेष्टनावरचं नाव

कुंभकोणमला महामहम तळ्याजवळच्या एका गल्लीत मामा-भाच्याचं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं. घराणं तंजावरच्या मराठ्यांच्या मागोमाग दक्षिणेत आलेलं. गिऱ्हाइकाशी तमिळ, आपसात मराठी. भाचा नुकतंच कॉलेज संपवून आला होता. हाताचा चपळ, पण समोर जे लिहिलेलं दिसेल ते खरं धरून लगेच कामाला लागणारा.

कार्तिगई दीपम तोंडावर आलं होतं. कुंभकोणमजवळच्या नाच्चियारकोविलला पितळी कुत्तुविळक्कू, म्हणजे उभ्या समया, ओतणारी घरं आहेत. दिव्यांच्या सणाआधी त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. तिथले एक व्यापारी सकाळीच कॅबिनेट घेऊन आले. मशीन सुरूच होत नव्हतं आणि बिलं, येणी, ऑर्डरी सगळं त्यात अडकलेलं. सोबत दोन डिस्क होत्या. एकीवर चकचकीत छापील लेबल: ‘विंडोज ७ प्रोफेशनल, ६४ बिट’. दुसरी कोरी, ओरखडे पडलेली, कागदी पाकिटात. कॅबिनेटवर परवान्याचं स्टिकर होतं, तेही प्रोफेशनलचंच.

मामांनी आधी हार्ड डिस्क काढून हिशेबाच्या फाइली दुसरीकडे उतरवून घेतल्या. भाच्यानं तेवढ्यात छापील डिस्क हातात घेतली.

“थांब. आत काय आहे ते पाहिलंस?”

“वर लिहिलंय की, मामा.”

“ते लेबल लावणाऱ्यानं लिहिलंय. डिस्क काय सांगते ते वाच.”

डिस्क दुकानातल्या मशीनमध्ये घातली. ‘सोर्सेस’ फोल्डरमध्ये ‘ईआय डॉट सीएफजी’ नावाची इवलीशी फाइल असते. भाच्यानं ती नोटपॅडमध्ये उघडली. आवृत्तीच्या रकान्यात लिहिलं होतं, होम प्रीमियम.

इथं थोडं थांबून सांगायला हवं, कारण भले भले इथं फसतात. विंडोज ७ च्या एका डिस्कमध्ये बहुधा एकाहून जास्त आवृत्त्या भरलेल्या असतात. त्यांतली कोणती तुमच्यापुढे ठेवायची, हे ही छोटी फाइल ठरवते. खरा ऐवज असतो तो शेजारच्या ‘इन्स्टॉल डॉट विम’ या भल्यामोठ्या फाइलीत. मामांनी कमांडची खिडकी उघडून ‘डिस्म’ची आज्ञा दिली आणि त्या फाइलीतली यादी मागितली. यादी ‘स्टार्टर’पासून सुरू झाली. तिथंच मामांनी मान हलवली. स्टार्टर ही आवृत्ती ६४ बिटमध्ये कधी निघालीच नव्हती. पुढचा तपशील उघडला तेव्हा खात्री झाली: रचना ३२ बिटची, क्रमांक ६.१.७६००. म्हणजे २०११ चा सर्व्हिस पॅक १ येण्याआधीची.

“ती छोटी फाइल वगळून नवी डिस्क केली तर प्रोफेशनल निवडता येईल,” भाचा म्हणाला.

“येईल. पण ३२ ची ६४ होणार नाही. या मशीनला ८ जीबी मेमरी आहे. त्यातली निम्मी वाया घालवायची?”

भाच्यानं ती डिस्क बाजूला सारली आणि कोरी उचलली. “मग हीच खरी.”

“का? तिच्यावर काही लिहिलेलं नाही म्हणून?”

भाचा गप्प झाला.

“आजोबांच्या पोथ्या आठवतात ना? रुमालावर एक नाव आणि आत भलतीच पोथी. रुमाल धुवायला निघतात, बदलतात. म्हणून आजोबा पुष्पिका वाचत. ग्रंथ कोणता, कोणी लिहिला, कोणत्या शकात, ते लिहिणारा तिथं नोंदवून ठेवतो. आणि रुमाल नसलेली पोथीही ते तशीच तपासत.”

तंजावरच्या राजवाड्यातल्या संस्कृत पोथ्यांची वर्गवार सूची आर्थर बर्नेल यांनी केली, ती १८८० मध्ये छापून पुरी झाली. पोथ्या उघडल्याशिवाय असं काम होत नाही. मामांच्या कामाला मी त्याच रांगेत बसवतो.

कोरी डिस्क वाचली. प्रोफेशनल, ६४ बिट, ६.१.७६०१, सर्व्हिस पॅक १. हवी तीच. तरी मामांनी ती लगेच लावली नाही. ओरखड्यांमुळे निम्म्यात वाचन अडलं तर मशीन धड जुनं राहत नाही, धड नवं होत नाही. म्हणून ती मोठी फाइल आधी पूर्ण उतरवून पाहिली. वेळ लागला, पण उतरली. मग मशीन पुसलं, विंडोज चढवलं. स्टिकरवरची की पहिल्याच खेपेला लागू पडली.

संध्याकाळी व्यापाऱ्यांनी छापील डिस्ककडे बोट दाखवलं. “सार, म्हणजे मला फसवलं का?”

“आत काय आहे तेवढं मी वाचलं,” मामा म्हणाले. “लेबल कोणी लावलं ते मी पाहिलेलं नाही.” त्यांनी लेबलवर काट मारून खाली खरा मजकूर लिहिला आणि डिस्क परत केली. त्या दिवसापासून दुकानाच्या वहीत येणाऱ्या प्रत्येक डिस्कची आवृत्ती, बिट, क्रमांक आणि वाचल्याची तारीख भाच्याच्या अक्षरात नोंदलेली आहे.

विंडोज ७ ला मिळणारा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला आणि डिस्कची जागा पेनड्राइव्हनं घेतली. पण ‘सोर्सेस’ फोल्डर आजही असतो, आणि त्यात ‘इन्स्टॉल’ नावाची ती मोठी फाइल, कधी ‘विम’ तर कधी ‘ईएसडी’ शेपटाची. तुमच्या खणात नाव लिहिलेली अशी एखादी पेनड्राइव्ह असेल, तर कुणाचं मशीन पुसायच्या आधी ती फाइल एकदा वाचून घ्या.