आकस्मिक खर्च

कचेरीच्या जमाखर्चात ‘आकस्मिक खर्च’ नावाचे एक सदर असते. नित्याच्या सदरांत न बसणारी रक्कम त्यात टाकली की कारकुनाचे मन शांत होते. गृहस्थही असेच एक सदर मनाशी बाळगून असतो. घर बांधताना त्याने विटा, सिमेंट, मजुरी यांचा पैपैचा हिशेब केलेला असतो. पुढे गच्ची गळू लागली की ‘हे अनपेक्षितच’ म्हणून तो कपाळाला हात लावतो.

चेन्नईत तर हे सदर कधी रिकामे राहत नाही. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने खिडक्यांचे गज गंजतात. छतातील सळई गंजून फुगते आणि गिलावा सुटतो. हौसेने लावलेल्या माडाचे नारळ उतरवायला दर वेळी माणूस शोधावा लागतो. डिसेंबर २०१६ मध्ये ‘वरदा’ वादळाने या शहरातील हजारो झाडे पाडली, तेव्हा सावली देणारे झाडही कधी खर्चाच्या बाजूस येते हे अनेकांस कळले.

परंतु ऑक्टोबर ते डिसेंबर येथे पाऊस येणार आणि लोखंड गंजणार, हे कोणास ठाऊक नाही? जे ठाऊक असते ते अनपेक्षित कसे? आम्हांस वाटते, हा शब्द आपण आपली अनिच्छा झाकण्यासाठी वापरतो.

या अनिच्छेतून एक सोपी युक्ती निघते. अंगणाला फरशी घालावी. मग चिखल नको, तण नको, गड्याची मजुरी नको. आमची जागा, आमचा पैसा. कोणाचे काय गेले? प्रश्न वरवर बिनतोड आहे. परंतु अंगणात मुरणारे पाणी आता रस्त्यावर येते आणि सखल भागातील कोणाच्या तरी उंबरठ्याआत शिरते. उन्हाळ्यात तेच पाणी विहिरीत नसते. आमचा वाचलेला खर्च नाहीसा झालेला नसतो. तो दुसऱ्याच्या नावे पडलेला असतो.

डिसेंबर २०१५ मध्ये हे शहर पुरात बुडाले. २०१९ च्या उन्हाळ्यात त्याचे तलाव आटले आणि जुलैत जोलारपेट्टैहून आगगाडीने पाणी आणावे लागले. या आपत्तींची कारणे अनेक होती. सारा दोष अंगणांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तरी एकाच भूमीवर पाणी मावेनासे व्हावे आणि मिळेनासेही व्हावे, यात विचार करण्याजोगे काही आहेच. तामिळनाडू सरकारने २००३ साली प्रत्येक इमारतीस पावसाचे पाणी जमिनीत मुरविण्याची व्यवस्था सक्तीची केली. खड्डा कायद्याने खणून घेता येतो. त्यातील गाळ दर वर्षी पावसाळ्यापूर्वी उपसणे मात्र घरधन्याच्या बुद्धीवरच राहते.

मनुस्मृतीत गृहस्थाच्या घरातील पाच हिंसास्थाने सांगितली आहेत: चूल, पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याची घागर. घर नुसते चालविण्यातही इतरांचे काही हिरावले जाते, म्हणून नित्य पंचमहायज्ञ सांगितले. त्या ग्रंथातील पुष्कळ गोष्टी आज आम्हांस मान्य होणार नाहीत. हा हिशेब मात्र खरा वाटतो. आपल्याकडे रांगोळी शिरगोळ्याची. येथील कोलम परंपरेने तांदळाच्या पिठाचे, आणि ते मुंग्या-पाखरे खाऊन टाकतात. दाराशी रोज चिमूटभर पीठ जाते, त्याला कोणी आकस्मिक म्हणत नाही.

यावर कोणी म्हणेल, ठराविक पगाराच्या माणसाने हे सारे कोठून भागवावे? आक्षेप रास्त आहे. सारे भागत नाहीच. म्हणून क्रम लावावा लागतो. भिंतीचा रंग, फाटकाची शोभा लांबणीवर टाकली तर उणेपणा आपल्याच वाट्यास येतो, आणि तो सोसण्याचा आपल्याला अधिकार आहे. तुंबलेले गटार, गाळाने भरलेला खड्डा, रस्त्यावर झुकलेली फांदी यांचे तसे नाही. तेथे आपली काटकसर दुसरा सोसतो, तीही त्याला न विचारता. खर्चाच्या यादीत हे आधी यावे. सामान्यतः घडते ते उलट: रंग दिवाळीपूर्वी लागतो, आणि खड्डा पुढील वर्षावर जातो.