कल्ला उचलून बघ

हर्णे बंदरात संध्याकाळी लिलाव सुरू होतो तेव्हा सुवर्णदुर्गाच्या मागे ऊन कलतं. बैलगाड्या पाण्यात उतरून होड्यांतली मासळी काठावर आणतात आणि बायका वाळूत वाट्यांभोवती कोंडाळं करतात. त्या कोंडाळ्यात एक म्हातारी चाळीस वर्षं मासळी घेत होती. सुरमई कितीही चकचकीत असो, ती आधी अंगठ्यानं कल्ला उचलायची. आत लालभडक दिसलं तरच बोली. नव्या पोरींना सांगायची, "वरची चकाकी बर्फाची असते गो. आतलं रक्त बघ."

हीच म्हातारी कावीळ मात्र नुसती डोळ्यांवरून जोखायची.

श्रावणात तिच्या सात वर्षांच्या नातवाला कावीळ झाली. विहिरीत पावसाचं गढूळ पाणी उतरलं होतं. पोराला ताप आला, मळमळू लागलं, जेवणाचा वासही सोसेना. लघवी हळदीसारखी झाली, मग डोळे पिवळे. म्हातारीनं शेजारच्या गावातून काड्यांची माळ आणली. माळ रोज थोडी लांबायची. गळ्यावरून छातीवर आली, छातीवरून बेंबीपर्यंत. तीन आठवड्यांत पोरगा पुळणीवर खेळायला लागला. दिवाळीच्या सुमारास तिचा तांडेल मुलगाच बोटीवरून पिवळा होऊन उतरला. पुन्हा माळ, आणि महिन्याभरात डोळे पांढरे. मग वाडीत कुणालाही कावीळ झाली की माळेचा पत्ता म्हातारीकडे मागायला यायचे.

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. गरोदरपणातल्या नेहमीच्या रक्ततपासणीत तिची एचबीएसएजी चाचणी पॉझिटिव्ह आली. म्हणजे हिपॅटायटिस बी.

"आमच्या घरात असलं काय नाय," म्हातारी डॉक्टरीणबाईंवर उसळली. "जावयाकडनंच आलं असणार."

"घरात कुणाला कावीळ झाली होती का, आजी?"

म्हातारीनं दोन्ही कहाण्या मोठ्या अभिमानानं सांगितल्या. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सगळ्यांचं रक्त तपासू. तुमचंही."

जावई निगेटिव्ह निघाला, सूनही. नातवाला बी नव्हती. त्याला जन्मल्यावरच लस मिळाली होती आणि रक्तात होत्या त्या हिपॅटायटिस ए होऊन गेल्याच्या खुणा. तांडेल पॉझिटिव्ह. आणि म्हातारीही पॉझिटिव्ह.

बाईंनी तिला जवळ बसवून घेतलं. "डोळे पिवळे होतात ते यकृत सुजल्यामुळे. त्याला सुजवणारे मुख्य विषाणू पाच. ए आणि ई घाण झालेल्या पाण्यातून, अन्नातून येतात आणि बहुतेक वेळा आपले आपण जातात. बी आणि सी रक्तातून शिरतात. दुसऱ्याचं ब्लेड, न उकळलेली सुई, शरीरसंबंध, बाळंत होताना आईकडून बाळाला. डी फक्त बीच्या आधारानं जगतो. बाहेरून सगळ्यांची कावीळ सारखीच पिवळी. कुणाची कोणती, हे रक्तच सांगतं."

"मग माळ कशी उतरली?"

"ओल्या काड्या वाळल्या की आकसतात, गाठी सैल होतात, माळ लांबते. नातू माळेविनाही बरा झाला असता. तुमच्या मुलाचा पिवळेपणा गेला, विषाणू आतच राहिला."

म्हातारी बराच वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, "म्हणजे दोन्ही पोरांना मीच दिला?"

बाईंनी खोटा दिलासा दिला नाही. "बहुतेक तसंच. जन्मताना हा विषाणू मिळालेल्या दहा बाळांपैकी नऊ जणांत तो मुक्कामच ठोकतो. पण तुम्हाला कुठं ठाऊक होतं? तुम्ही बाळंत झालात तेव्हा गावात ही लस तरी होती का?"

हा विषाणू ज्यांनी शोधला त्या बारूक ब्लुमबर्ग यांना १९७६ साली नोबेल मिळालं. त्यांचा जन्मदिवस २८ जुलै. त्याच तारखेला, २०१८ साली, आपल्या देशात बी आणि सीच्या मोफत तपासणीचा आणि औषधांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. सीवर लस नाही, पण साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेक जण पूर्ण बरे होतात. बीचं उलटं. तिला मुळापासून काढणारं औषध अजून नाही, पण लस पक्की आहे.

तांडेलाच्या यकृताला व्रण धरू लागले होते. त्याला रोजची टेनोफोविरची गोळी सुरू झाली, दारू कायमची बंद. म्हातारीचं यकृत ठीक होतं. तिला दर सहा महिन्यांनी तपासणी. लेकीच्या रक्तात विषाणू फार निघाले म्हणून तिलाही सातव्या महिन्यापासून गोळी. जावयाला आणि सुनेला लस. दापोलीच्या रुग्णालयात नात जन्मली, तेव्हा म्हातारीनं आधी तोंड बघितलं नाही. परिचारिकेला विचारलं, "दोन्ही सुया दिल्यात ना गो?" एक लसीची, दुसरी तयार प्रतिपिंडांची. दोन्ही २४ तासांच्या आत द्यायच्या असतात.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पुन्हा बाहेर पडू लागल्या. लिलावात म्हातारीनं एका सुरमईचा कल्ला उचलला होता, तेवढ्यात शेजारीण धावत आली. "काकी, त्या माळवाल्याचा पत्ता दे. सुनेचे डोळे पिवळे झालेत."

"कितवा महिना तिला?"

"आठवा लागला."

हिपॅटायटिस ई इतरांना सहसा सोडून देते. शेवटच्या महिन्यांतल्या गरोदर बाईला मात्र ती गाठते. अशा शंभर बायकांत वीस-पंचवीस जणीही दगावू शकतात. यकृत काही दिवसांत बंद पडतं, झोप चढते, बोलणं भरकटतं. बाईंनी हे म्हातारीला सांगून ठेवलं होतं.

तिनं सुरमई खाली ठेवली. बोली तिच्यावरच थांबली होती.

"रिक्षा बोलव. दापोलीला जायचंय."

"पण माळ तरी..."

"माळ वाळायला तीन आठवडे लागतात."

आसूदच्या वळणांवर पाऊस आडवा येत होता. म्हातारीनं पोरीचा हात धरला होता आणि एकसारखी विचारत होती, तुझं नाव काय, माहेर कुठलं, आज वार कोणता. उत्तराला जरा उशीर झाला की तिचा दुसरा हात रिक्षावाल्याच्या खांद्यावर जायचा.